बोलेरोच्या पाट्याचा जाम बोल्ट काढायला बनवलेलं देशी टूल

बोल्ट फिरत होता पण निघत नव्हता. मागच्या पाट्याचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, पुढचा डोळा, म्हणजे पाटा चेसीच्या ब्रॅकेटला जिथं अडकवलेला असतो ती जागा, तिथला नट पाइप घालून कसाबसा सुटला, वाटलं आता झालं काम. पण डोक्याला पाना लावून फिरवला की बोल्ट जरासा फिरायचा आणि पाना सोडला की आपोआप माघारी यायचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना लगेच कळलं असंल. डोळ्यात बुश बसवलेला असतो, त्याच्या आत लोखंडी नळी असते, तिच्याभोवती रबर, रबराच्या बाहेर अजून एक लोखंडी कडं, आणि बोल्ट त्या आतल्या नळीला गंजानं असा धरून बसला होता की दोघं एकच झाले होते. म्हणजे आपण जोर लावतोय तो बोल्टला नाही, रबराला पीळ बसायलाय, आणि रबर काय, सोडलं की परत जागेवर.

गाडी बोलेरो, सेकंडहँड, एमएच-08 पासिंगची, म्हणजे रत्नागिरीहून आलेली. घेताना खाली झोपून बघितलं होतं, गंज दिसला होता, तेवढे पैसे पाडूनच घेतली, त्यामुळं तक्रार काही नाही. पण तिकडची खारी हवा अन पाऊस खाल्लेलं लोखंड आमच्या अंबड तालुक्यात आल्यावर त्याला मिळालं काय, तर उसाच्या फडातला काळा चिखल. काळी माती ब्रॅकेट आणि पाट्याच्या मधी जाऊन बसली की वरून वाळलेली दिसते, आतून महिनोन् महिने ओली राहते, आणि वरून आपण गाडी धुतो बोअरच्या पाण्यानं, ज्याच्यात क्षार इतके की बादलीला पांढरी खपली धरते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा खातो. बोल्ट आणि नळीच्या मधी फट असते केसाएवढी. त्या फटीत गंज फुगला की मग तो पाचर मारल्यागत काम करतो, तुम्ही कितीबी तेल सोडा.

लक्षणं आधीपासून होती. स्पीडब्रेकरवर मागून कट्ट आवाज, ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग किंचित एका बाजूला सरकल्यासारखा वाटायचा. पुढच्या डोळ्याचा बुश गेला की त्या बाजूचा एक्सल पुढं-मागं व्हायला लागतो, मग गाडी सरळ चालत असली तरी मागची चाकं जराशी तिरकी पळतात अन टायर खातात. म्हणून दोन्ही बाजूचे बुश बदलायचं ठरवलं, सामान आणून ठेवलं, आणि अडकलो ते जुनं काढण्यातच.

एका गॅरेजवाल्यानं बघितलं आणि सरळ म्हणला, भाऊ, गॅस मारावा लागंल. मी म्हणलं मारू नको. कामून? तर ब्रेकची पाइपलाइन, डिझेलची पाइपलाइन चेसीला धरूनच जाते, आणि बुशचं रबर एकदा पेटलं की काळा धूर अन जळकं रबर टपटप खाली गळतं, आणि खाली कोण असतंय, तर गॅस धरलेला पोरगाच. मोबाईलवर व्हिडिओत मोकळ्या फ्रेमवर गॅस मारताना लई सोपं दिसतं. आपल्या गाडीखाली टाकीत डिझेल आहे अन वर सीटचा फोम.

घण मारून बघितला होता, तेबी सांगतो. घणाचं लोखंडी कामात एक मोठेपण आहे, जोराचा झटका गंज फोडतो. पण झटका बोल्टपर्यंत पोचायला तर पाहिजे. इथं बोल्ट नळीला धरलेला, नळी रबरात, म्हणजे मारलेला निम्मा दणका रबरच गिळतं, गादीवर बुक्की मारल्यासारखं. उरलेला दणका ब्रॅकेटला जातो, ब्रॅकेटचे कान, म्हणजे डोळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, वाकतात. आणि बोल्टच्या टोकाचे आटे चेपून टोक फुगतं, मग ते टोक ब्रॅकेटच्या भोकातूनच जात नाही, म्हणजे जे काम होतं त्याच्यात अजून एक वाढवलं. माझ्या बोल्टचं टोक फुगायला लागलेलं दिसलं आणि मी घण ठेवून दिला.

तेलाचं पण तसंच. डब्ल्यूडी-फोर्टी मारलं, डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून सोडलं, रात्रभर ठेवलं. तेलाला गुण नाही असं नाही, पण आत शिरायला वाट पाहिजे. इथं नळीची दोन्ही तोंडं ब्रॅकेटच्या कानांनी घट्ट दाबून धरलेली असतात, नट आवळायचा मतलबच तो असतो. तेल कानावरून ओघळून खाली फरशीवर. आमचे आण्णा ओसरीवरून बघत होते, म्हणे, "गाडीला पाजायलास का जिमिनीला?"

मी जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलला मेंटेनन्सला आहे. सळया काढणाऱ्या मिलमधी रोज काही ना काही जाम होतंच, कपलिंग शाफ्टवर, बेअरिंग जर्नलवर, आणि तिथं आम्ही कोणाला घण मारू देत नाहीत, पुलर लावतो नाहीतर जॅकनं रेटतो. मग घरच्या गाडीला वेगळा न्याय कशाला? फक्त एवढं होतं की पाट्याच्या बोल्टला बसंल असा पुलर बाजारात मला काही मिळाला नाही. बुश ओढायचे जे तयार सेट मिळतात त्याच्यात एक लांब आट्याचा रॉड असतो, तो बुशच्या मधून आरपार घालायचा, एका बाजूला कप, एका बाजूला चकती, आणि नट आवळत जायचा. छान पद्धत आहे. पण मधून रॉड घालायला नळी मोकळी पाहिजे, आणि माझ्या नळीत तर बोल्टच बसलाय. म्हणजे रॉड बाहेरूनच न्यावा लागणार.

तर टूलची कल्पना अशी. दोन जाड प्लेटा, समोरासमोर, ब्रॅकेटच्या दोन बाजूंना. दोन्ही प्लेटांना बाहेरून दोन स्टडनी, म्हणजे डोकं नसलेल्या आट्याच्या गजांनी, बांधायचं. एका प्लेटच्या मधोमध आटे पाडून त्याच्यात रेटायचा मोठा स्क्रू, तो बोल्टच्या आट्याकडच्या टोकाला टेकणार. दुसऱ्या प्लेटच्या बाजूला पाइपाचा जाड तुकडा, तो बोल्टच्या डोक्याभोवती, ब्रॅकेटच्या कानाला टेकणार. स्क्रू आवळला की बोल्ट डोक्याच्या दिशेनं सरकायला बघतो, बोल्ट नळीला ओढतो, नळी कानाला टेकते, कान पाइपाला, पाइप प्लेटला, प्लेट स्टडला, स्टड परत पहिल्या प्लेटला. जोर सगळा टूलच्या आतल्या आतच फिरतो, चेसीवर एक किलोपण येत नाही. आणि रबर वगळलं गेलं बगा, कारण नळी आता रबरावर लटकत नाही, सरळ कानावर टेकलेली आहे. घणात आणि याच्यात फरक हाच.

आता सामान. जालन्यात भंगाराला तोटा नाही, मिलला भंगारच वितळवून सळई होते, पण मिलमधून उचलून आणायचा प्रश्न नाही, बाहेरच्या भंगारवाल्याकडून काट्यावर तोलून घेतलं. प्लेटा 180 मिलिमीटर लांब, 75 रुंद, 40 जाड. एवढ्या जाड कशाला असं तो भंगारवालाबी म्हणला, 20 ची चालंल की. नाही चालणार. दोन टोकांना स्टड आणि मधोमध सहा-सात टनाचा रेटा म्हणजे प्लेट वाकायलाच बसलीये, आणि मधी भोक पाडलं की जिथं सगळ्यात जास्त ताण तिथंच लोखंड कमी. जाडी दुप्पट केली की वाकण्याला ताकद चौपट मिळते, म्हणून रुंदी वाढवण्यापेक्षा जाडी वाढवलेली परवडते. एक प्लेट साधारण सव्वाचार किलो भरते.

स्टडच्या बाबतीत मात्र कंजूषपणा करू नका. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर जो आट्याचा रॉड मिळतो, तो फॉल्स सीलिंग टांगायला, पाइपाचे क्लॅम्प मारायला. तो मऊ असतो, साधारण 4.6 ग्रेडचा. ग्रेडचं गणित सोपं आहे, पहिला आकडा गुणिले 100 म्हणजे तुटायचा ताण मेगापास्कलमधी, आणि दुसरा आकडा म्हणजे त्याच्या किती दहावा भाग आल्यावर तो कायमचा लांबायला लागतो. म्हणजे 4.6 म्हणजे 400 ला तुटणार आणि 240 लाच लांबणार. 16 मिलिमीटरचा असा रॉड साडेतीन-पावणेचार टनाला ताणून आट्याचा पिच बदलतो, मग नट जागच्या जागी अडकतो, ना पुढं ना मागं. याच्यापेक्षा बी-सेव्हन घ्या. साखर कारखान्यात, बॉयलरवर, वाफेच्या लाइनच्या फ्लँजला जे स्टड लागतात ते हेच, त्यांच्या टोकावर इंग्रजीत बी अन सात असं ठोकलेलं असतं, ते बघूनच घ्यायचे. 720 मेगापास्कलच्या पुढं ते लांबायला लागतात, म्हणजे 16 चा एक स्टड अकरा टनाच्या आसपास धरतो, आणि आपल्याला दोन आहेत. नटबी त्याच दर्जाचे, टू-एच ठोकलेले. आपल्याकडं कारखाने इतके आहेत की नट-बोल्टच्या मोठ्या दुकानात हे सहज मिळतात.

रेटायचा स्क्रूबी बी-सेव्हनच, 20 मिलिमीटरचा, एका टोकाला षटकोनी डोकं वेल्ड न करता दोन नट एकमेकांवर लॉक करून घेतले, कारण या पोलादाला वेल्डिंगच्या शेजारी तडकायची सवय असते. दुसऱ्या टोकाला लेथवर खोलगट जागा करून घेतली आणि त्याच्यात जुन्या बेअरिंगची एक गोळी ग्रीसमधी बसवली. ही गोळी म्हणजे या टूलचा जीव आहे. साध्या नट-बोल्टमधी आपण जो पीळ देतो त्यातला ढोबळ मानानं निम्मा डोक्याखालच्या घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि कामाला येतो तो जेमतेम दहावा भाग. टोकाला गोळी असली की डोक्याखालचं घासणं जवळजवळ संपलं, आट्यांना मोली ग्रीस लावलं की तेबी कमी झालं. मग अर्धा मीटर दांडीला वीस किलोचा जोर, म्हणजे 100 न्यूटन-मीटर, त्याच्यात पाच-सहा टन रेटा मिळतो. गाडीखाली झोपून मीटरभर दांडी फिरवायला जागाच नसते, म्हणून हे गणित आधीच करावं लागतं.

लेथवाले चाचा माझ्या ओळखीचे, मिलचं छोटं-मोठं टर्निंग तेच करतात. त्यांना कागदावर काढून दिलं, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "दट्ट्या कुठंय यात?" मी दुसरा कागद काढून दिला. कारण बोल्टचं टोक ब्रॅकेटच्या कानाच्या आत गेलं की 20 चा स्क्रू त्या भोकातून जाणार नाही, तिथून पुढं रेटायला बोल्टपेक्षा एक मिलिमीटर बारीक गज लागतो, लहान-मोठ्या लांबीचे. ते ईएन-24 या कडक पोलादातून करून घेतले, साध्या माइल्ड स्टीलचा गज नळीत गेल्यावर फुगतो आणि मग तोच जाम होतो.

पाइप सव्वा इंची, सी-क्लास. पाइपाचा क्लास ओळखायला त्याच्यावरचा रंगाचा पट्टा बघायचा, ए म्हणजे हलका त्याला पिवळा, बी ला निळा, सी म्हणजे जाड त्याला लाल. सव्वा इंचीला बाहेरून 42.4 मिलिमीटर आणि जाडी 4, म्हणजे आतून 34 च्या वर, बोल्टचं डोकं त्याच्यात आरामात मावतं आणि तरी कड भोकाच्या जितकी जवळ पाहिजे तितकी जवळ राहते. लांब कडेला टेकवला तर कान वाकंल. पाइपाची दोन्ही तोंडं लेथवर फेसिंग करूनच घ्या, ग्राइंडरनं कापलेल्या तोंडाला डोळ्याला न दिसणारा तिरकेपणा असतो आणि पाच टनाखाली पाइप सटकतो. दुसऱ्या प्लेटला मधोमध 32 चं भोक, म्हणजे डोकं पाइपातून पुढं प्लेटच्याबी बाहेर निघून येऊ शकतं. स्टडची भोकं एकमेकांपासून 130 वर. सगळ्याचा खर्च धरून अडीच हजाराच्या आसपास गेला, त्यात टर्निंगचेच जास्त.

आता लावायचं कसं. गाडी पक्क्या फरशीवर, पुढच्या चाकांना दगड, चेसी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, आणि एक्सलखाली वेगळा जॅक. हे दोन वेगळे लागतात, कारण पाट्याचा ताण बोल्टवर असला तर बोल्ट सरळ निघणारच नाही. एक्सलखालचा जॅक जरा-जरा वर-खाली करून बघायचा, एका जागी बोल्टवरचा भार सुटतो, ते नट हातानं हलवल्यावर कळतं. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या नसतील तर रिंगसकट चाकं चेसीखाली सारा.

टूल सरळ बसत नाही, तिरकं बसतं. वरती चेसी आडवी येते, मागं पाटा जातो, म्हणून एक स्टड डोळ्याच्या पुढून जरा वरून, दुसरा मागून पाट्याच्या खालून. आणि टूल दोरीनं चेसीला बांधायचं, सगळं मिळून दहा किलोच्या वर जातं, सुटलं तर छातीवरच येतं. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर मागं घेऊन ठेवायचा, म्हणजे बोल्ट अचानक सुटला तरी नटावर अडकून थांबतो. डोळ्याला चष्मा पाहिजेच, गंजाची पूड उडते.

स्क्रू हातानं टेकवला, मग पान्यानं, मग दांडी घालून. प्लेटा ताणात आल्या की आवाज बदलतो, पान्यानं टिचकी मारली की बद्द ऐवजी टण असं वाजतं. मग थांबायचं. लहान हातोडीनं ब्रॅकेटच्या कानावर, बोल्टच्या भोवतीनं टकटक करायचं, जोरात नाही, आणि परत अष्टमांश फिरवायचं. गंज एका दमात सुटत नाही, ताण कायम असला की तो आतल्या आत तडकत जातो, त्याला वेळ द्यायचा. मी तेल सोडून, ताण तसाच ठेवून जेवायला गेलो. परत येऊन स्क्रूला हात लावला तर ढिला लागला, म्हणजे बोल्ट सरकला होता! किती, तर मिलिमीटरभर. पण कानाच्या आणि डोक्याच्या मधी तपकिरी पूड सांडलेली दिसली, आणि ती फट बघून जो आनंद झाला तो काय सांगू. आता तेलाला वाट मिळाली. तेल सोडलं, परत रेटला, आणि या वेळी दांडी फिरवतानाच असा खणकन आवाज झाला की घरातून बायको पळत आली, तिला वाटलं गाडीच घोडीवरून खाली आली.

तिथून पुढं नट काढला, दट्ट्या लावला, मग लांब दट्ट्या, आणि बोल्ट बाहेर. मधला भाग खाऊन खाऊन बारीक झालेला, त्याच्यावर गंजाचे पापुद्रे, नखानं काढले तर थराथरानं निघत होते. दोन टोकं मात्र चकचकीत. म्हणजे बाहेरून बघून कोणी म्हणणार नाही की आत काय शिजलंय. घणानं चेपलेलं टोक सोडलं तर नटाकडचे आटे असे होते की धुऊन परत लावावेत असं वाटावं.

पाट्याचं मागचं टोक ज्या हलत्या कडीला लटकतं त्या शॅकलच्या बोल्टांना फार वेळ लागला नाही, तिथं जागा मोकळी आणि चिखलबी कमी बसतो.

दुसऱ्या बाजूचा पुढचा बोल्ट मात्र निघाला नाही. तेच सगळं केलं, दांडी घालून जेवढा ठरवला होता तेवढा रेटा दिला, ताणात ठेवला, टकटक केली, काही नाही. प्लेटांच्या मधी सरळपट्टी धरून बघितली तर आटे पाडलेली प्लेट किंचित वाकायला लागली होती, म्हणलं बस, याच्या पुढं लोखंड तुटणार नाहीतर मी. टूल म्हणजे हट्ट नव्हं. मग हॅकसॉचं ब्लेड हातात कापड गुंडाळून धरून, ब्रॅकेटचा कान आणि नळीच्या मधल्या फटीत घातलं आणि दोन्हीकडनं बोल्ट कापला. ग्राइंडरची बारीक चकती तिथं जात होती पण ठिणग्या नकोच म्हणलं. वेळ गेला, मनगट गेलं, पण पाटा खाली आला, बोल्टचा तुकडा बुशमधी तसाच.

आणि इथं या चौकटीचा खरा फायदा कळला. मधून रॉड जाणारा तयार सेट इथं कामाचाच नव्हता, नळी बंद आहे. पण माझी चौकट बाहेरून जाते. सव्वा इंचीच्या जागी मोठा पाइप लावला, डोळ्याच्या आतल्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठा, बुश त्याच्यात जाऊन बसंल असा. रेटायच्या बाजूला बुशच्या बाहेरच्या लोखंडी कड्यावर बरोब्बर बसंल असं जाड रिंगण टर्निंग करून आणलं, मधून पोकळ, म्हणजे बोल्टचा तुकडा त्या पोकळीत राहतो आणि जोर सगळा बाहेरच्या कड्यावर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे बाहेरचं कडं, तेसुद्धा चालतं, माप जुळलं तर, 6206 नंबरच्या बेअरिंगची बाहेरून 62 मिलिमीटर असते, 6205 ची 52. पण रेस कडक असते, तिच्यावर हातोडी पडली तर फुटून काचेसारखे तुकडे उडतात, म्हणून फक्त रेटायला वापरा. रेटायच्या आधी डोळ्याच्या दोन्ही तोंडांचा गंज वायर ब्रशनं साफ केला. पाट्याचा डोळा गुंडाळलेला असतो, कुठून तरी जोडाची फट असतेच, त्या फटीच्या बाजूला पाइप नीट टेकला नाही तर डोळा उघडतो, तेवढं बघायचं. बुश सुरुवातीला करकरला आणि मग एकसारखा सरकत पाइपात येऊन बसला, बोल्टच्या तुकड्यासकट.

नवा बुश घालताना तीच चौकट उलटी. जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, आतल्या नळीवर दिला तर नव्या बुशचं रबर तिथल्या तिथं सुटतं. रबराला ग्रीस-ऑइल लावायचं नाही, रबर फुगतं आणि मऊ पडतं. बोल्टला मात्र अँटीसीझ, म्हणजे परत जाम होऊ नये म्हणून लावायचं मलम, ते तांब्याच्या रंगाचं मिळतं ते, नळीत जाणाऱ्या सगळ्या भागाला चोपडलं. बोल्ट नवे घेतले, डोक्यावर 10.9 ठोकलेले. दुकानदार बिनआकड्याचे दाखवत होता, अर्ध्या किमतीत. पाट्याच्या बोल्टात चार पैसे वाचवायचे आणि मग घाटात आठवायचं, याला काही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट जी गॅरेजमधी घाईत राहून जाते, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी घोडीवर असताना पाटा लोंबकळलेला असतो, तेव्हा नट आवळला तर कान नळीला त्याच कोनात पकडतात, मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात अजून पिळतं. नवा बुश लवकर फाटतो आणि लोक म्हणतात सामान डुप्लिकेट होतं. मी हातानं आवळून गाडी खाली घेतली, जागेवर चार वेळा मागून दाबून हलवली, मग खाली शिरून आवळले. जालना-अंबड जाणं-येणं रोजचंच, थोडी चालल्यावर परत एकदा पाना लावून बघितलं.

कट्ट आवाज गेला. मागचं सरकणंबी गेलं.

टूलची खबर गावात पसरायला वेळ लागला नाही. ऊसतोडीच्या सीझनच्या आधी एकजण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पिना काढायला घेऊन गेला, त्याला बजावून सांगितलं होतं की स्क्रूवर इम्पॅक्ट गन मारायची नाही, ती झटक्यानं आट्यांची वाट लावते, आणि ग्रीस लावल्याशिवाय फिरवायचा नाही. त्यानं ऐकलं. वाकलेली प्लेट मी पलटी करून परत सरळ करत बसलो नाही, तेवढी एक नवी केली, या वेळी 50 जाडीची, आणि आटे थेट प्लेटमधी पाडायच्या ऐवजी मागून लांब नट बसवून घेतला, म्हणजे आटे झिजले तर नट बदलायचा, प्लेट नाही. सध्या एका पिकअपवाल्याकडं आहे, त्याचे शॅकल जाम झालेत. परत आलं की पाइपाच्या बाजूच्या प्लेटला पकडायला एक हँडल बोल्टनी जोडायचंय, झोपून एका हातानं तोलायचं आणि दुसऱ्या हातानं नट लावायचा, हे जड पडतं.